लाल अक्षर आणि लाल आलवण : पाप, अपराधभावना व लोकलज्जा

१

नीतिविचारात पाप, अपराधभावना आणि लोकलज्जा या तीन संज्ञा पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. परंतु त्यांची क्षेत्रे भिन्न आहेत. पाप ही धर्मशास्त्राची संज्ञा होय. ते ईश्वराच्या अथवा शास्त्राच्या आज्ञेचे उल्लंघन असून, कोणी पाहिले नाही तरी ते पापच राहते. अपराधभावना ही मनाची अवस्था होय. तिला साक्षी असते ते कर्त्याचे स्वतःचे अंतःकरण. लोकलज्जा मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांत जन्म घेते. पाहणारा कोणी नसेल, तर तिला अस्तित्वच उरत नाही. या तिसऱ्या क्षेत्रातील मराठीची शब्दसंपत्ती विशेष समृद्ध आहे. अब्रू जाणे, तोंड काळे करणे, नाक कापले जाणे, धिंड निघणे, वाळीत पडणे, चव्हाट्यावर येणे या सर्व प्रयोगांत पाहणारा समाज गृहीत धरलेला आहे. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तेथे आणलेली गोष्ट कोणापासूनही लपत नाही.

या तीन भावनांचे संबंध ज्या कादंबरीने अत्यंत रेखीवपणे उलगडून दाखविले, ती नॅथनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कृती १८५० साली प्रसिद्ध झाली. गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाड्यासारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला तिच्यातील चर्च, गव्हर्नर व धर्मोपदेशक परके वाटतील. परंतु तिच्यातील चव्हाटा मात्र परका वाटणार नाही. तिच्या प्रकाशनानंतर ३२ वर्षांनी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध पुण्यात छापला गेला. या दोन ग्रंथांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. एक कल्पित कथा आहे, तर दुसरा एका प्रत्यक्ष खटल्याच्या निमित्ताने लिहिलेला आहे. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : पाप दोघांचे असता लज्जेचा भार एकटीवरच का पडतो, आणि त्या भारातून पुढे काय निपजते?

२

कादंबरीचे कथानक इसवी सन १६४२ ते १६४९ या काळातील बोस्टन नगरात घडते. इंग्लंडमधून आलेल्या प्युरिटन पंथीयांनी वसविलेल्या या वसाहतीत धर्म व कायदा एकमेकांत पुरते मिसळून गेले होते. हेस्टर प्रिन ही विवाहित स्त्री पतीच्या दीर्घ अनुपस्थितीत एका मुलीची माता होते. तिच्यावर दया करून न्यायाधीश मृत्युदंड टाळतात व दुसरी शिक्षा फर्मावतात : तीन तास भर बाजारातील चौथऱ्यावर उभे राहावयाचे आणि जन्मभर छातीवर लाल कापडाचे ‘ए’ हे अक्षर वागवावयाचे. व्यभिचारवाचक इंग्रजी शब्दाचे ते आद्याक्षर होय. परंतु हा शब्द लेखकाने संपूर्ण कादंबरीत एकदाही योजलेला नाही. हेस्टर ते अक्षर सोनेरी दोऱ्याने भरून काढते आणि सुमारे तीन महिन्यांचे मूल कडेवर घेऊन चौथऱ्यावर उभी राहते. मुलीच्या पित्याचे नाव सांगण्यास ती नकार देते.

तो पिता म्हणजे नगरातील तरुण व अत्यंत पूज्य असा धर्मोपदेशक आर्थर डिमस्डेल. हेस्टरने पित्याचे नाव उघड करावे असा उपदेश करण्याचे काम वरिष्ठ त्याच्यावरच सोपवितात. हेस्टरचा वृद्ध पती रॉजर चिलिंगवर्थ हे नाव धारण करून गर्दीत उभा असतो. पुढे तो वैद्य म्हणून डिमस्डेलच्या घरात शिरतो आणि त्याच्या मनाची जखम चिघळत ठेवण्यातच सुख मानतो. अशा रीतीने एकाच कृत्याचे तीन परिणाम तीन व्यक्तींत विभागले गेले आहेत : हेस्टरच्या वाट्याला लज्जा, डिमस्डेलच्या वाट्याला अपराधभावना आणि चिलिंगवर्थच्या वाट्याला सूड.

लज्जा आणि अपराधभावना यांपैकी अधिक विनाशक कोणती, याविषयी हॉथॉर्नचे उत्तर स्पष्ट आहे. हेस्टरची लज्जा उघडी आहे, म्हणून ती तिच्यासह जगू शकते. ती शिवणकाम करते. तिने भरलेले कापड गव्हर्नरच्या पोशाखावर चालते, परंतु नववधूच्या बुरख्यासाठी तिच्याकडून कधी काम घेतले जात नाही. कालांतराने तिच्या सेवावृत्तीमुळे लोक त्या अक्षराचा अर्थ ‘समर्थ’ असा लावू लागतात. उलट डिमस्डेल सात वर्षे आतून झिजत जातो. आपण महापापी आहो असे तो व्यासपीठावरून मोघम शब्दांत सांगतो, तेव्हा ती विनम्रता समजून श्रोते त्याला अधिकच पूज्य मानतात. एका रात्री तो चौथऱ्यावर चढतो, पण त्या वेळी पाहण्यास नगरजन नसतात. अखेर भर दिवसा, सर्वांसमक्ष, हेस्टर व मुलगी पर्ल यांचा हात धरून तो चौथऱ्यावर आपले पाप बोलून दाखवितो आणि तेथेच प्राण सोडतो.

येथे लेखकाने जोडलेला एक तपशील सहज नजरेतून निसटतो. हा कबुलीजबाब ऐकल्यावरही काही प्रतिष्ठित प्रेक्षक असे सांगत राहिले की, धर्मोपदेशकाच्या छातीवर कोणतीही खूण नव्हती. एका पतित स्त्रीच्या हातावर देह ठेवून त्याने केवळ मानवाच्या अपूर्णतेचा दृष्टांत दिला. म्हणजे पुरुषाने स्वतः सांगितले तरी समाज ते ऐकून घेण्यास राजी नाही.

३

हे चित्र निव्वळ कल्पनेचे नव्हे. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत व्यभिचारास मृत्युदंड विहित होता आणि १६४४ साली मेरी लॅथम व जेम्स ब्रिटन या दोघांना त्या गुन्ह्याबद्दल फाशी देण्यात आले. शेजारच्या प्लिमथ वसाहतीने १६५८ साली फटक्यांबरोबरच वस्त्रावर अक्षरे शिवून वागविण्याची शिक्षा घातली. हॉथॉर्नचे पूर्वज याच व्यवस्थेचे अधिकारी होते. विल्यम हॅथॉर्न याने क्वेकर पंथीयांचा छळ केला. त्याचा पुत्र जॉन हॅथॉर्न हा १६९२ च्या सेलम येथील चेटूक-खटल्यांतील न्यायाधीशांपैकी एक होता. पूर्वजांची ही लज्जा आपण आपल्यावर घेतो, असे लेखकाने कादंबरीच्या प्रास्ताविकात म्हटले आहे.

प्युरिटन व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात खूण कायमची होती. परत येण्याचा विधी तिने हेस्टरसाठी ठेवला नव्हता. महाराष्ट्रातील जुन्या व्यवस्थेशी तुलना करता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मराठेशाहीच्या न्यायव्यवहारात दोषी ठरलेला मनुष्य पंक्तिबाह्य होई; परंतु त्याने ठरलेले प्रायश्चित्त घेतले व राजदंड भरला, म्हणजे त्यास शुद्धिपत्र मिळे, आणि गोताने त्याच्यासह जेवून गोतपत केली की तो पूर्ववत् जातीत येई. लज्जा सार्वजनिक असली तरी तिची निवृत्तीही तितकीच सार्वजनिक होती.

हा परतीचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही खुला होता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य माजले, त्यात उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून चव्हाट्यावर आली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक या दोघांनीही प्रायश्चित्ताचा मार्ग स्वीकारला. त्यांच्या लौकिकास त्यामुळे कायमचा बाध आला नाही.

परंतु हा मार्ग सर्वांना सारखा नव्हता. पेशवाईत व्यभिचाराच्या आरोपावरून स्त्रियांना सरकारी कोठीत बटीक म्हणून ठेवल्याची उदाहरणे दप्तरांत आढळतात. अशा स्त्रीचे स्वातंत्र्यच संपुष्टात येई. पुरुषाचा दोष दंड भरून फिटे, स्त्रीचा दोष तिच्या देहाला चिकटून राही.

४

उच्चवर्णीय विधवेच्या बाबतीत तर ही खूण दोष घडण्यापूर्वीच दिली जात असे. ब्राह्मण कुटुंबांत पती निवर्तल्यावर स्त्रीचे केशवपन होई आणि तिला आलवण, म्हणजे लाल लुगडे, नेसावे लागे. मंगलकार्यात तिचे दर्शन अशुभ ठरे. हेस्टरच्या शिवणकामास नववधूचा बुरखा वर्ज्य होता. विधवेच्या तर सावलीलाही लग्नमंडप वर्ज्य होता. दोन्हीकडे रंग तोच, आणि दोन्हीकडे वस्त्र ही लोकांनी वाचावयाची लिपी. परंतु एक महत्त्वाचा भेद आहे. हेस्टरला लाल अक्षर मिळाले ते तिच्या कृत्याबद्दल. विधवेला लाल वस्त्र मिळाले ते पतीच्या मृत्यूबद्दल, आणि तो मृत्यू तिच्या पूर्वजन्मीच्या पातकाचे फळ मानला जाई. या जन्मी तिने काही केलेले नसताही पापाची खूण तिच्या अंगावर चढे. ज्या पापाची आठवणच नाही, त्याबद्दल अपराधभावना उत्पन्न होणे अशक्य. तेथे केवळ लज्जा उरते.

१८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह वैध ठरला होता. पण ज्ञातीच्या भयाने त्या कायद्याचा आश्रय घेणाऱ्या स्त्रिया विरळा होत्या. बालविवाहाच्या रूढीमुळे विधवांत कोवळ्या वयाच्या मुलींची संख्या मोठी होती. घरातील अथवा शेजारच्या पुरुषाकडून त्यांतील एखादी फसविली गेली, तर होणारे मूल हाच तिच्याविरुद्धचा एकमेव आणि अखंडनीय पुरावा असे. पुरुषाच्या देहावर असा पुरावा उमटत नाही. लोकलज्जेचा न्याय या ठिकाणी उघडा पडतो : तिला पाप दिसत नाही, तिला फक्त पुरावा दिसतो. म्हणूनच पाप टाळण्यापेक्षा पुरावा नष्ट करण्याकडे ती मनुष्याला ढकलते.

५

१८८१ साली नेमके हेच घडले. सुरत जिल्ह्यातील ओलपाड येथील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात मुलाच्या हत्येचा आरोप सिद्ध होऊन सुरतेच्या सत्र न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा दिली. अपिलात मुंबईच्या उच्च न्यायालयाने तिच्याऐवजी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली, आणि पुढे ती पाच वर्षांवर आणण्यात आली.

या प्रकरणातील कायद्याची स्थिती ध्यानात घेण्याजोगी आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील व्यभिचाराचे कलम केवळ दुसऱ्याच्या पत्नीशी केलेल्या संबंधास लागू होते आणि त्यात शिक्षा पुरुषालाच होती. विधवेशी संमतीने आलेला संबंध त्या कलमाच्या कक्षेत येत नव्हता. म्हणजे सरकारी कायद्याच्या दृष्टीने, मूल जन्मेपर्यंत विजयालक्ष्मीने कोणताही गुन्हा केलेला नव्हता. मुलाला जन्म देणे हाही गुन्हा नव्हता. धर्मशास्त्राने ज्याला पाप म्हटले त्याची कायद्याला पर्वा नव्हती. कायद्याने ज्याला गुन्हा म्हटले तो लोकलज्जेच्या भयातून उत्पन्न झाला. आणि खुनाच्या त्या आरोपात पित्याला कोठेच स्थान नव्हते.

हे प्रकरण गुजरातेतले असले तरी मुंबई इलाख्यातील मराठी वृत्तपत्रांत त्याची तीव्र चर्चा झाली. ‘पुणेवैभव’ पत्राने या निमित्ताने एकंदर स्त्रियांच्या नीतिमत्तेवर कोरडे ओढले. ते लिखाण वऱ्हाडात बुलढाण्यास पोचले आणि तेथील ताराबाई शिंदे यांनी त्यास उत्तर लिहावयास घेतले. ताराबाई या बापूजी हरी शिंदे यांच्या कन्या. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क असून सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. मराठा समाजातील या स्त्रीचे हे एकमेव पुस्तक १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५०० आणि किंमत नऊ आणे होती.

ताराबाईंची पद्धती साधी आहे. साहस, कपट, लोभ, अविचार असे जे जे दुर्गुण सुभाषितांनी स्त्रीजातीच्या माथी मारले, ते एकेक करून त्या उचलतात आणि पुरुषांत ते अधिक प्रमाणात कसे आढळतात हे दाखवितात. पत्नी मरताच पुरुष दुसरी करून आणतो, मग पती मेल्यावर स्त्रीनेच तोंड लपवून का बसावे, असा त्यांचा सवाल आहे. त्यांच्या निबंधाचा मर्मभाग मात्र लज्जेच्या वाटणीसंबंधीचा आहे. स्त्रीला मोहात पाडणारा पुरुष समाजात उजळ माथ्याने वावरतो आणि फसलेली स्त्री विहीर किंवा तुरुंग यांची धनीण होते, ही विषमता त्यांनी घरगुती, झणझणीत आणि कोठेही न अडखळणाऱ्या भाषेत मांडली. पाप झाले नाही असे त्यांचे म्हणणे नाही. ते अर्धे मोजले गेले असे त्यांचे म्हणणे आहे.

निबंधावर झालेल्या टीकेच्या वेळी ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी या लेखनाचा कैवार घेतला. त्यानंतर हा ग्रंथ दीर्घकाळ विस्मृतीत गेला. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला.

६

फुले यांचा कैवार केवळ शब्दांचा नव्हता. १८६३ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. १८८४ च्या डिसेंबरात सक्तीच्या वैधव्याविषयी मत देताना त्यांनी या कार्याची पार्श्वभूमी सांगितली. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा पुण्यात स्वयंपाकाचे काम करीत असे. एका शास्त्र्याने तिला फसविले. गर्भ पडला नाही, मूल जन्मले, आणि अब्रूच्या भयाने तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानास पाठविण्यात आले. शास्त्रीबोवांना काही झाले नाही. हॉथॉर्नच्या कथेतील डिमस्डेलला आपले पाप निदान झोपू देत नव्हते. या शास्त्र्याच्या बाबतीत तेवढीही साक्ष इतिहासात नाही.

फुल्यांनी योजलेला उपाय लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. त्यांनी शहरात जाहिराती लावून विधवांना कळविले की, येथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे. मूल न्यावे किंवा ठेवून जावे, ही ज्याची त्याची इच्छा. पापाचा निवाडा त्यांनी आपल्याकडे घेतला नाही, पश्चात्तापाची अटही घातली नाही. १८८४ पर्यंत ३५ विधवा या गृहात येऊन बाळंत झाल्या, असे त्यांनी नमूद केले आहे. त्यांपैकी ५ मुले जगली. उरलेली ३० दगावली, कारण गर्भ लपविण्यासाठी मातांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी त्यांना पोटातच अपाय झाला होता. लोकलज्जा केवढा संहार करू शकते याचे याहून नेमके माप मिळणे कठीण. दार उघडे होते. परंतु त्या दारापर्यंत पोचण्याच्या आधीच भयाने आपले काम केलेले असे.

अशाच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला व त्याचे नाव यशवंत ठेवले. १८८७ च्या मृत्युपत्रात फुल्यांनी त्याला आपला वारस नेमले. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ साली प्लेगच्या साथीत त्याने उघडलेल्या दवाखान्यातील रोग्यांची शुश्रूषा करीत असतानाच सावित्रीबाईंना मृत्यू आला. कादंबरीत पर्लला चिलिंगवर्थची संपत्ती वारसाहक्काने मिळते आणि ती परदेशी जाऊन सुखाने नांदते. परंतु ज्या नगराने तिच्या मातेस चौथऱ्यावर उभे केले तेथे तिला स्थान मिळत नाही. यशवंताला वारसा मिळाला तो त्याच शहरात, त्याच समाजाच्या डोळ्यांदेखत.

७

या दोन प्रकरणांची तुलना एका विसंगतीपाशी येऊन थांबते. हॉथॉर्नच्या दृष्टीने गुप्तता हे विष आहे. जे लपविले ते माणसाला कुरतडते, आणि मुक्ती उघड्या कबुलीत आहे. फुल्यांच्या गृहात मात्र गुप्तता हेच औषध होते. तिच्यामुळे मूल वाचत होते आणि माता फासापासून दूर राहत होती. दोघांपैकी एकाला खोटे ठरविण्याचे कारण नाही. भेद आहे तो गुप्तता कोणाची यात. डिमस्डेलची गुप्तता प्रतिष्ठितांची होती. ती त्याचे स्थान राखीत होती आणि तिची किंमत दुसरी व्यक्ती मोजत होती. विधवेची गुप्तता निराधाराची होती. तिच्यामुळे कोणावरही भार पडत नव्हता, उलट दोन जीव तगत होते. म्हणून बलवानाला सत्य बोलण्यास लावणे आणि दुर्बलाला झाकून घेणे, ही एकाच न्यायाची दोन अंगे ठरतात. प्युरिटन बोस्टनने आणि एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राने नेमके याच्या उलट केले.

यातून लोकलज्जेविषयी एक सामान्य निष्कर्ष निघतो. ती पापाचे निवारण करते या समजुतीवर तिचे समर्थन उभे आहे. परंतु बोस्टनमधील चौथऱ्याने डिमस्डेलला गप्प केले, आणि आलवणाने विजयालक्ष्मीच्या घरातील अनर्थ टाळला नाही. अंतःकरणापर्यंत पोचण्याचे साधन लज्जेपाशी नाही. ती फक्त देहापर्यंत आणि दाराच्या उंबरठ्यापर्यंत पोचते. तिच्या भयाने झालेला पश्चात्ताप पुष्कळदा पापाचा नसतो, सापडल्याचा असतो.

कायद्याने या क्षेत्रात अलीकडे दोन महत्त्वाची पावले टाकली आहेत. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरविणारा अधिनियम २०१६ साली केला व तो २०१७ मध्ये अमलात आला. जातपंचायतींनी कुटुंबे वाळीत टाकण्याच्या प्रथेस त्यामुळे स्वतंत्र दंड मिळाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दंडसंहितेतील व्यभिचाराचे कलम घटनाबाह्य ठरविले. परंतु लज्जेचे न्यायासन कायद्याच्या पुस्तकात नसते. ते पाहणाऱ्यांच्या नजरेत असते, आणि नवजात मुलाला रात्रीच्या अंधारात टाकून जाणारी माता आजही त्याच नजरेला भ्यालेली असते. हेस्टरच्या अक्षराचा अर्थ बदलला तो न्यायाधीशांच्या हुकुमाने नव्हे. ज्यांच्या आजारपणात ती उशाशी बसली, त्या माणसांनी तो बदलला. वाचणारे बदलले तेव्हा अक्षर बदलले. ताराबाईंनी आपल्या वाचकांकडून मागितले होते तेही एवढेच.